गल्लीतल्या छोट्या पिझ्झाच्या दुकानात काय बघावं, काय मागवावं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सिंहगड रस्त्यावर सोसायटीच्या खालच्या गाळ्यात सहा टेबलांचं पिझ्झाचं दुकान सुरू झालंय. दहा इंची साधा पिझ्झा २२० रुपयांना. घरात सहा माणसं: सत्तरीचे आई-वडील, दोन मुलं आणि नवरा-बायको. इतक्या कमी पैशांत चांगलं मिळतं का, बघायचं काय, मागवायचं काय, आणि वडिलांना कवळी आहे, त्यांना खाता येईल का?

मी सतरा वर्षं ओव्हनपुढे उभा आहे. पहिली पाच पिझ्झाच्या एका मोठ्या साखळीच्या किचनमध्ये गेली आणि पुढची बारा स्वतःच्या दुकानात. माझंही दुकान लहानच, पाच टेबलं आणि एक ओव्हन. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यावर मी आधी तुमच्या खालच्या गाळ्यातल्या त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं, मग तुमच्या.

जरूर जा. आणि तिथेच बसून खा, पार्सल आणू नका. अशा दुकानाचा खरा फायदा किमतीपेक्षा अंतरात आहे. ओव्हनपासून तुमच्या टेबलापर्यंत दहा पावलं. आई पोळ्या करत असते, आपण स्वयंपाकघरातच ताट घेऊन बसलेलो असतो आणि फुगलेली पोळी तव्यावरून थेट ताटात पडते. ती पोळी आणि डब्यातली पोळी, पीठ एकच, पण खाणं एक नाही. पिझ्झाचंही तसंच. ओव्हनमधून काढल्यावर पहिली सात-आठ मिनिटं त्याची. बूड कडक असतं, काठ आतून ओलसर आणि हलका असतो, चीज वाहतं असतं. खोक्यात घातला की त्याची वाफ त्याच्याच बुडाला लागते आणि दहा मिनिटांत तो मऊ, चिवट होतो. तो दुचाकीवरून तीन किलोमीटर गेला तर पुढे काही बोलायलाच नको. मोठ्या साखळ्यांचा पिझ्झा हा प्रवास सहन करेल असाच बेतलेला असतो, त्यांच्या पिठात तेल आणि साखर थोडी जास्त असते ती त्याचसाठी. छोट्या दुकानातला चांगला पिझ्झा तो प्रवास सहन करत नाही, आणि करावा अशी अपेक्षाही ठेवू नये.

आता २२० रुपयांचं बघू. माझ्या दुकानात दहा इंची साध्या पिझ्झाला मैदा लागतो सुमारे १३० ग्रॅम, म्हणजे सहा रुपये. सॉस आठ रुपयांचा. तेल, यीस्ट, मीठ मिळून तीन. चीज १०० ग्रॅम, आणि तिथे त्रेचाळीस रुपये जातात. झाले साठ. उरलेल्यात गाळ्याचं भाडं, लाइट, दोन पोरांचा पगार आणि माझं घर. म्हणजे २२० ही प्रामाणिक किंमत आहे. त्यात कुठे काटछाट केलीच पाहिजे असं नाही. त्याच आकाराचा पिझ्झा कोणी ९९ रुपयांत देत असेल तर मात्र चीज कमी केलंय किंवा चीजच बदललंय, हे मी ओव्हन न बघता सांगेन. या धंद्यात दुसरीकडून पैसे काढायला जागाच नाही.

आणि स्वस्त पिझ्झा ही काही आपली इथली तडजोड नव्हे. इटलीतल्या नेपल्समध्ये हे मुळात गोरगरिबांचं, रस्त्यावर उभ्याने खायचं अन्न. आजही तिथे पिझ्झाची चौपदरी घडी घालून कागदात देतात आणि लोक चालता चालता खातात. १८८९ मध्ये राणी मार्गेरिटासाठी टोमॅटो, मोझरेला आणि बेसिलचा पिझ्झा केल्याची गोष्ट सगळीकडे सांगतात, तिच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांत वाद आहे; पण तोवर गल्लीबोळातले लोक कैक वर्षं पिझ्झा खात होते हे नक्की. २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. ती कला म्हणजे चार साध्या वस्तू आणि हात. टॉपिंगची लांबलचक यादी तिच्यात कुठेच नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर मी मेनूआधी पीठ बघतो.

काउंटरच्या मागे प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पांढरे गोळे झाकून ठेवलेले दिसतात का? पिझ्झा सांगितल्यावर तो पोरगा गोळा काढून हाताने पसरवतो का? की पिशवीतून तयार बेस काढतो? तयार बेस म्हणजे बेकरीत अर्धवट भाजलेली चकती. बहुतेक वेळा तिच्या बुडाला एकसारख्या अंतरावर टोचल्याची भोकं दिसतात, आणि काठ व मध्य एकाच जाडीचा असतो. माझ्या लहानपणी बेकरीतून बेसचं पाकीट आणायचं, वर टोमॅटो केचप, कांदा, सिमला मिरची, किसलेलं चीज घालून तव्यावर झाकण ठेवून भाजायचं, हाच पिझ्झा होता आणि तो मला आजही मनापासून आवडतो. पण तो घरी चाळीस-पन्नास रुपयांत होतो. २२० देताय तर गोळा ताजा हवा.

चांगला गोळा एक ते दोन दिवस फ्रिजमध्ये सावकाश आंबलेला असतो. इडलीचं पीठ जसं थंडीत हळू आणि उन्हाळ्यात भसकन फुगतं, तसंच हे. सावकाश आंबवलं की चव येते आणि काठ हलका होतो. सकाळी मळून भरपूर यीस्ट घालून संध्याकाळी वापरलेलं पीठसुद्धा फुगतं, पण काठाला पावासारखी एकसारखी जाळी पडते आणि यीस्टचा कच्चा वास येतो. काठ तोडून बघा. आत लहान-मोठी, वेडीवाकडी भोकं असतील, वास भाजलेल्या गव्हाचा आणि किंचित आंबूस असेल, तर त्या माणसाने पिठाला वेळ दिलाय. आणि वेळ विकत घेता येत नाही, तो फक्त देता येतो.

पुण्याचा मे महिना या पिठाचा शत्रू आहे. दुकान उघडलं त्या वर्षी मे मधल्या एका शनिवारी माझा फ्रिज सतत उघडझाप होऊन थंड राहिला नाही. गोळे सैल पडले. बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू वर यायला हवा, तो आलाच नाही, बोट तसंच रुतून राहिलं. मला तेव्हा ते कळलं नाही, मी ते पिझ्झे विकले. रोजच्या एक आजी होत्या, त्या एक तुकडा खाऊन म्हणाल्या, "आज तुझी भाकरी आंबट आहे रे." त्यांचं बरोबर होतं. उरलेले चाळीस गोळे मी टाकले आणि सोमवारी दुसरा फ्रिज घेतला. तेव्हापासून उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्यात पीठ मळतो. हे सांगायचं कारण, नव्या दुकानात पहिल्या उन्हाळ्यात काठ आंबट, चपटा आणि फिका लागला तर मालकाला सांगा. बाहेर जाऊन चारचौघांत सांगण्यापेक्षा त्याला सांगितलेलं उपयोगाचं. लहान दुकानात सांगितलेलं लगेच पोचतं, कारण पीठ मळणारा माणूस समोरच उभा असतो.

आता ओव्हन. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत ४३० अंशांच्या वर तापमान असतं आणि पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात होतो. आपल्याकडच्या छोट्या दुकानात बहुधा विजेचा किंवा गॅसचा, आत दगड असलेला डेक ओव्हन असतो, तीनशेच्या आसपास तापतो आणि पाच-सहा मिनिटं घेतो. यात एक मेख आहे. प्रत्येक गार गोळा त्या दगडाची उष्णता ओढून घेतो. लागोपाठ सहा-आठ पिझ्झे टाकले की दगड थंड पडतो, वरचं चीज होतं पण बूड पांढरं राहतं. रविवारी रात्री साडेआठ-नऊला जाऊन पिझ्झा कच्चा निघाला तर बऱ्याचदा कारण हेच. मी माझ्या ओळखीच्या लोकांना सांगतो, साडेसात-पावणेआठला या. ओव्हन पूर्ण तापलेला असतो आणि गर्दी सुरू व्हायची असते. विजेचा ओव्हन असेल तर गुरुवारी जरा चौकशी करून जा, पुण्यात देखभालीसाठी वीज गुरुवारी जाते आणि गार झालेला ओव्हन पुन्हा तापायला पाऊण तास लागतो.

पिझ्झा टेबलावर आला की एक तुकडा उचला आणि उलटा करून बुडाकडे बघा. संकोच करू नका, मी माझ्या गिऱ्हाइकांना स्वतः दाखवतो. भाकरीला तव्यावर जसे तपकिरी डाग पडतात तसे डाग हवेत, कुठे गडद, कुठे फिके. नखाने हलकं वाजवलं तर टकटक आवाज यायला हवा. पांढरं, पिठूळ बूड असेल तर अजून एक मिनिट भाजून द्यायला सांगा. कोणीही चांगला माणूस आनंदाने देईल.

चीजबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. दुधाचं मोझरेला आणि वनस्पती तेलाचं चीजसारखं दिसणारं ॲनालॉग, हे दोन्ही बाजारात मिळतं आणि ॲनालॉग बरंच स्वस्त असतं. पाकिटावर ॲनालॉग असं स्पष्ट लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, पण तुमच्यापर्यंत पाकीट येत नाही, पिझ्झा येतो. तार किती लांब ताणली जाते यावर जाऊ नका, ॲनालॉगही छान ताणलं जातं. मी काय करतो सांगतो. वरचा चीजचा एक लहानसा तुकडा सॉसशिवाय वेगळा काढून तोंडात घोळवतो. दुधाच्या चीजला दुधाचा गोडसर, खारट स्वाद असतो आणि ते गिळल्यावर जीभ मोकळी राहते. ॲनालॉगला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि टाळूला तेलकट थर चिकटून राहतो. दोन्हींचं मिश्रण वापरणारेही पुष्कळ आहेत, ते ओळखणं मलाही कठीण जातं. मग सरळ विचारा, "दादा, चीज कोणतं वापरता?" जो दुधाचं वापरतो तो लगेच ब्रँड सांगतो, बहुतेक वेळा पाकीटच आणून दाखवतो. आढेवेढे घेतले की समजायचं.

सॉसची परीक्षा सोपी: तो गोड असेल तर त्यात केचप आहे. टोमॅटोचा आंबटपणा जिभेला कळायला हवा. आपल्याला नारायणगावचा बाजार जवळ आहे, टोमॅटोची कमतरता नाही. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला तेव्हा अनेकांनी डब्यातल्या प्युरीवर काम चालवलं. त्यात काही गैर नाही, चांगली प्युरी बेचव टोमॅटोपेक्षा केव्हाही बरी. आईंचा चातुर्मास असेल, कांदा-लसूण वर्ज्य असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. वरचा कांदा काढून टाकता येतो, पण सॉसमध्ये लसूण आधीच शिजलेला असतो, तो काढता येत नाही. "कांदा-लसूण नको" एवढं म्हणून भागत नाही, "सॉस जैन आहे का?" असं विचारावं लागतं. त्यांच्याकडे वेगळा सॉस नसेल तर नुसतं तेल, मिरपूड, चीज आणि वर ताजे टोमॅटो असा पिझ्झा सांगा, तो फार सुरेख लागतो. दुकानात चिकनही असेल आणि घरी कोणी शुद्ध शाकाहारी असेल, तर कापायचा कटर वेगळा आहे का हे आधीच विचारून घ्या.

टॉपिंगवर माझं मत ठाम आहे: तीनपेक्षा जास्त नकोत. कांदा, सिमला मिरची, मशरूम, टोमॅटो, सगळ्यांना पाणी सुटतं. पाच-सहा मिनिटांत ते पाणी उडून जाऊ शकत नाही, ते मध्यभागी साचतं आणि तुकडा उचलला की टोक खाली लोंबतं, वरचं सगळं ताटात घसरतं. "भरपूर भाज्या घाला" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणत नाही, पण भाज्या जितक्या वाढतील तितकं बूड कच्चं राहील हे सांगतो.

आता तुमच्या सहा माणसांचं. आकाराचा हिशोब आधी करून घ्या, कारण तिथे लोकांचे पैसे जातात. सात इंची दोन पिझ्झे आणि दहा इंची एक, यांचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखंच, ७७ आणि ७९ चौरस इंच. पण दोन लहानांची किंमत बहुधा एका मध्यमापेक्षा जास्त असते, आणि दोन लहानांत नुसता काठच अधिक येतो. तुम्हाला दहा इंची तीन पुरतील. मुलं मोठी, खाणारी असतील तर चौथा नंतर सांगा.

आणि तिन्ही एकदम मागवू नका. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतोय. तीन घेणार हे आधीच सांगा म्हणजे त्यांना तयारी करता येईल, पण म्हणा, "एकामागून एक आणा, आम्ही सगळे वाटून खातो." तीन पिझ्झे एकदम आले की पहिला खाईपर्यंत तिसरा गार होतो. एकेक आला की सहाही जण प्रत्येक पिझ्झा गरम खातात, ओव्हनच्या दगडालाही मध्ये श्वास घ्यायला मिळतो.

पहिला साधा मार्गेरिटा घ्या. वर लपवायला काही नसल्यामुळे पीठ, सॉस, चीज कसं आहे ते त्यातच कळतं, आणि मुलांनाही तोच आवडतो. ओरेगॅनोची पुडी आणि केचप पहिल्या घासानंतर. दुसरा कांदा, सिमला मिरची आणि हिरवी मिरची असा सांगा, आपल्या जिभेला यापेक्षा चांगली जोडी मला सापडलेली नाही. तिसरा पहिल्या दोघांवर ठरवा. पीठ चांगलं असेल तर मशरूम किंवा पनीर, आणि पीठ जेमतेम असेल तर पुन्हा मार्गेरिटाच खाऊन घरी या. मुलांना पहिला तुकडा देण्याआधी दोन मिनिटं थांबा, चीजखालचा सॉस वरून दिसतो त्यापेक्षा फार जास्त तापलेला असतो आणि टाळू भाजते.

वडिलांसाठी मी माझ्या दुकानात जे करतो ते सांगतो. माझ्याकडे कवळी असलेले चार-पाच जण नेमाने येतात. काठ त्यांना चावत नाही, पण मधला भाग छान खाता येतो. म्हणून आठ त्रिकोणी तुकड्यांऐवजी आडव्या-उभ्या रेषांत चौकोनी तुकडे कापायला सांगा, मधले मऊ चौकोन वडिलांना, काठाचे मुलांना. काठाला गरम असतानाच थोडं लोणी फिरवून मिनिटभर झाकून ठेवलं तर तोही नरम होतो. त्यांच्या पिझ्झावर मका नको, दाण्याची सालं कवळीखाली जातात आणि बिचारा माणूस पुढचा अर्धा तास बोलत नाही. सिमला मिरचीची सालही तशीच त्रास देते. कांदा घालायचा तर अगदी बारीक चिरलेला. दोघांपैकी कोणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर ऑलिव्ह आणि हालापेनो मिरची टाळा, दोन्ही मिठाच्या पाण्यात मुरवलेले असतात, आणि चीजमध्ये मीठ असतंच. पॅन पिझ्झा मऊ असतो म्हणून ज्येष्ठांना लोक तो देतात, पण तो तेल लावलेल्या ताटलीत फुगतो, त्यामुळे त्याचं बूड तळल्यासारखं कडक होतं. कवळीला ते जास्त जड जातं.

बिलाचं थोडक्यात. अशा दुकानात जीएसटी पाच टक्के, आणि तो लावला असेल तर बिलावर त्यांचा जीएसटी क्रमांक छापलेला हवा. दुकान कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत असेल तर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. सेवा शुल्क देणं तुमच्या मर्जीवर आहे. भिंतीवर अन्नसुरक्षेचा चौदा अंकी परवाना क्रमांक लावलेला असतो, एकदा बघून घ्या.

दोन-तीन तुकडे उरले तर घरी न्या, पण खोक्याचं झाकण अर्धं उघडं ठेवून. आणि सकाळी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पीठ रबरासारखं होतं. लोखंडी तवा मंद आचेवर तापवा, तुकडे ठेवा, दोन मिनिटांनी तव्याच्या कडेला, तुकड्यांपासून लांब, चार थेंब पाणी टाका आणि लगेच झाकण ठेवा. वाफेने चीज पुन्हा वितळतं आणि बूड खालून तव्यावर कुरकुरीत होतं. मिनिटभराने झाकण काढा आणि तव्यावरूनच ताटात वाढा.